एका अर्जाला मिळालेला तिसरा क्रमांक

माणसाचं मन हेलावतं, ही गोष्ट जगन्मान्य आहे. मात्र ते नेमकं कुठल्या पानावर, कोणत्या प्रकारे आणि किती वेळ हेलावतं, याची नोंद ठेवण्याची जबाबदारी आजवर कुणीच अंगावर घेतली नव्हती. ती आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या वाचक मंडळाने घेतली. मी या मंडळाचा गेली अकरा वर्षं चिटणीस आहे. (मानद. म्हणजे काम करावं लागतं आणि कुरकुर करता येत नाही.)

पूर्वी आमचे वाचक पुस्तक परत करताना नुसतं "छान आहे" म्हणून चालते व्हायचे. काही जण तर तेवढंही म्हणायचे नाहीत, पुस्तक टेबलावर आपटायचे आणि छत्री शोधायला लागायचे. लेखकाने रक्त आटवावं आणि वाचकाने छत्री शोधावी, हे आमच्या अध्यक्षांना सहन होईना. अध्यक्ष दातांचे डॉक्टर आहेत. समोरच्याच्या डोळ्यांत पाणी कधी येतं, याचा त्यांच्याइतका अनुभव मंडळात दुसऱ्या कोणाला नाही. त्यांनीच 'हेलावणूक नोंदवही' सुरू केली. तिच्यात पाच रकाने आहेत: वाचकाचं नाव, पान क्रमांक, हेलावण्याचा प्रकार, कालावधी आणि शेरा. प्रकार चार मान्य करण्यात आले आहेत. घसा दाटणे, डोळे पाणावणे, हुंदका आणि शब्दातीत. 'शब्दातीत' असं लिहिणाऱ्याने शेऱ्यात किमान तीन ओळी लिहिणं बंधनकारक आहे.

नोंदवही पहिली दोन वर्षं बेताचीच चालली. एका प्रवासवर्णनाने दोघांचे डोळे पाणावले (एकाला जागा आवडली होती, दुसऱ्याला तिथे जायची ऐपत नव्हती) आणि एका चरित्रग्रंथाने घसा दाटल्याच्या तीन नोंदी झाल्या, त्यातला एक जण चरित्रनायकाचा पुतण्या निघाला. मग गेल्या वर्षी एका मासिकात ती कथा आली, आणि मंडळाला सुगीचे दिवस आले.

कथा साधी आहे. आईवडील गेलेत. भावाच्या मनाचा तोल ढळलेला आहे आणि धाकटी बहीण त्याला सांभाळते आहे. सत्तेचाळिसाव्या पानावर भाऊ तिला ओळखत नाही. तो विचारतो, "तुम्ही कोण?" ती म्हणते, "मी इथेच शेजारी राहते," आणि खाली बसून त्याच्या बुटाची नाडी बांधते. बस्स, एवढंच. पण एवढ्यावर आमच्या वाचनालयाचा बांध फुटला.

आकडेवारी अशी: एकूण वाचक एकशेचौदा. त्यांपैकी रडले सत्त्याण्णव. रडण्याच्या बेतात असताना बस आल्यामुळे उठावं लागलेले अकरा. डोळ्यांत कचरा गेल्याचं सांगणारे चार (चौघेही पुरुष, चौघेही सत्तेचाळिसाव्या पानावर). उरलेल्या दोघांवर काहीच परिणाम झाला नाही. त्यांच्याकडून लेखी खुलासा मागवण्यात आला. एकाने आपण चुकून रस्सीखेच स्पर्धेचा वृत्तान्त वाचल्याचं कबूल केलं. दुसऱ्याने अजून उत्तर दिलेलं नाही आणि तो आता दुसऱ्या वाचनालयात जातो असं कळतं.

मासिकाच्या अंकाचं सत्तेचाळिसावं पान ओलं होऊन इतकं फुगलं की अंक मिटेना. ग्रंथपाल बाईंनी त्यावर दोन दिवस शब्दकोश ठेवला. मंडळाने तातडीची सभा घेतली आणि 'मानसिक आजार असलेल्या व्यक्ती व त्यांच्या कुटुंबीयांविषयी समाजाने अधिक संवेदनशील व्हावे' असा ठराव एकमताने संमत केला. समाजाला तो कळवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. मी तो दारावर चिकटवला.

आता वाचन-कक्षातल्या एका गृहस्थांबद्दल सांगणं भाग आहे.

हे गृहस्थ सहा वर्षं रोज सकाळी साडेआठला, कुलूप निघायच्या आधी, पायरीवर हजर असत. वय पंचेचाळीसच्या आसपास, शर्टाची वरची गुंडी लावलेली, हातात डबा. खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायचे आणि आलेल्या सगळ्या वर्तमानपत्रांतला हवामानाचा अंदाज वाचायचे. बाकी काही वाचत नसत. मग खिडकीबाहेर बघून अंदाजांची शहानिशा करायचे आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला हळू आवाजात निकाल सांगायचे. "दुपारनंतर ढगाळ." "आज वारा नाही." लोक त्यांना 'हवामान' म्हणत. खुर्ची कुणी घेतली तर ते तिच्या शेजारी उभे राहत, घेणारा उठेपर्यंत. पाच वाजले की त्यांची धाकटी बहीण त्यांना न्यायला यायची. (धाकटी असली तरी ते तिला 'ताई' म्हणत.) ती गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात काजं करते. दिवसाला चारशे काजं. (हा आकडा तिने पुढे अर्जात दिलेला आहे, मी पडताळलेला नाही.)

त्यांचा अंदाज वर्तमानपत्रापेक्षा बरोबर यायचा, हे मी चिटणीस या नात्याने नाही तरी छत्री बाळगणारा माणूस म्हणून मान्य करतो.

अडचण उद्भवली ती कथेच्या जाहीर वाचनाच्या दिवशी. कार्यक्रम वाचन-कक्षातच होता. खुर्च्या कमी पडल्या, लोक कपाटांना टेकून उभे राहिले. वाचन करायला आम्ही एका नाट्यसंस्थेच्या बाईंना बोलावलं होतं. त्यांचा आवाज असा की किराणा मालाची यादी वाचली तरी माणूस गलबलून जाईल. सत्तेचाळिसावं पान आलं. "तुम्ही कोण?" असं म्हणून बाई थांबल्या. कक्षात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. रुमाल निघाले होते, पण अजून डोळ्यांपर्यंत पोचले नव्हते. आणि नेमकं त्याच क्षणी खिडकीजवळून आवाज आला, "उद्या सकाळी धुकं."

तीन माणसं हसली. त्यानंतर कितीही नाडी बांधली तरी कुणाला रडू येईना.

दुसऱ्या दिवशी सात वाचकांच्या सहीची तक्रार आली. तिच्यातलं एक वाक्य इतकं नेमकं आहे की ते मी जसंच्या तसं देतो: 'आजारी माणसाविषयीच्या कथेचा आस्वाद घेत असताना आजारी माणसाचा व्यत्यय येतो, याची मंडळाने गंभीर दखल घ्यावी.' मंडळाने गंभीर दखल घेतली. वाचन-कक्ष हा वाचकांसाठी आहे, आणि नुसता हवामानाचा अंदाज वाचणे याला वाचन म्हणावे किंवा कसे, हा प्रश्न उपसमितीकडे सोपवण्यात आला. निर्णय होईपर्यंत सदर गृहस्थांनी बाहेर थांबावं असं ठरलं.

ग्रंथपाल बाई म्हणाल्या, "अहो, सहा वर्षं बसतोय तो. एका पानाचा कोपरासुद्धा दुमडला नाही त्याने. तुमच्या वाचकांनी त्या अंकाची काय दशा केली, बघा एकदा."

अध्यक्ष म्हणाले, "बाई, ते अश्रू आहेत." बाईंच्या म्हणण्याची नोंद घेण्यात आली.

इथे वाचनालयाच्या दाराशी असलेल्या दोन पेट्यांचा खुलासा करायला हवा. एक पेटी 'अर्ज व तक्रारी' यांची. दुसरी 'वाचकांचे लेखन' अशी, आणि ती त्या महिन्यात खास स्पर्धेसाठी ठेवली होती. कथेमुळे जी संवेदनशीलता निर्माण झाली होती ती वाया जाऊ नये म्हणून मंडळाने 'कुटुंब आणि मन' या विषयावर लेखनस्पर्धा जाहीर केली होती. बहिणीने आपला कागद अर्जाच्याच पेटीत टाकला होता. यात तिची काहीही चूक नाही, हे मी स्पष्ट करतो. परंतु पेटी उघडल्यावर मी तो वाचला आणि माझ्यासारख्या अनुभवी माणसाला तो अर्ज वाटेचना.

याला कारणं होती. अर्जाला विषय असतो. यात नव्हता. अर्जात 'वरील विषयास अनुसरून' असतं, 'तरी मेहेरबानांनी सहानुभूतिपूर्वक विचार करावा' असतं. यात तेही नव्हतं. आणि मुख्य म्हणजे, अर्जात सहसा खरं नसतं. हे इतकं सरळ होतं की कुणीतरी बसून मेहनतीने रचलं असणार, अशी माझी खात्री झाली. चुकून वेगळ्या पेटीत पडलेलं साहित्य योग्य पेटीत टाकणं हे चिटणिसाचं कर्तव्यच आहे. मी ते पार पाडलं.

त्यातला काही भाग असा:

'माझा दादा कोणाला काही करत नाही. पूर्वी त्याला घरी ठेवून जायचे तेव्हा तो दाराशी उभा राहायचा, मी परत येईपर्यंत. आठ तास. बसायचा नाही, पाणी प्यायचा नाही. मी म्हणायचे दादा बस, तर म्हणायचा तू आलीस की बसतो. पाय सुजायचे. तुमच्याकडे आल्यापासून तो बसतो. डॉक्टर म्हणाले याला गोळ्या लागतात आणि ठरलेली जागा लागते. गोळ्या मी देते. खुर्ची कोपऱ्यातली चालेल. पंखा नसला तरी चालेल. तुमचा कार्यक्रम असेल त्या दिवशी मी रजा घेईन, तेवढं आधी सांगा. गेले नऊ दिवस तो तुमच्या पायरीवर उभा आहे आणि मला दर तासाला काम सोडून बघायला यावं लागतं. सुपरवायझर म्हणतात असं चालणार नाही. कृपया सोमवारपर्यंत कळवा.'

परीक्षक तिघे होते. अध्यक्ष, नाट्यसंस्थेच्या त्या बाई आणि एक निवृत्त मुख्याध्यापक. तिघांवरही परिणाम झाला. अध्यक्षांचा घसा दाटला (अडीच मिनिटं). बाईंनी 'शब्दातीत' लिहून पाच ओळी भरल्या. मुख्याध्यापक हुंदका देता देता लाल पेन शोधत होते. त्यांनी दिलेले शेरे माझ्या दप्तरी आहेत: 'दाराशी उभा असलेला भाऊ, ही प्रतिमा काळजात घर करते. खुर्ची हे स्थैर्याचं प्रतीक म्हणून सुरेख योजलं आहे. निवेदनात कुठेही आक्रस्ताळेपणा नाही. मात्र शेवट ढिसाळ. कृपया सोमवारपर्यंत कळवा, हा कथेचा शेवट होऊ शकत नाही. वाचक लटकत राहतो.' या एका दोषामुळे पहिला क्रमांक हुकला. पहिला क्रमांक एका बँक अधिकाऱ्याच्या कथेला मिळाला. तिच्यात भाऊ शेवटी वारतो.

सोमवारी मी बहिणीला बोलावणं पाठवलं. 'आपल्या लेखनाचा मंडळाने अत्यंत सहानुभूतीने विचार केला असून बुधवारी चार वाजता वाचन-कक्षात उपस्थित राहावे' असा मजकूर होता. तिने त्याचा काय अर्थ घेतला असेल हे मला आता कळतं. त्या वेळी तसं काही डोक्यात आलं नाही.

बुधवारी ती आली. केसांत एक पांढरा दोरा अडकलेला होता, अर्धी रजा टाकून थेट मशीनवरून आली होती. भाऊही बरोबर होता, धुतलेल्या शर्टात. शिपायाने त्याला दाराशी अडवलं, कारण उपसमितीचा निर्णय अजून झाला नव्हता. ती म्हणाली, "दादा, इथेच थांब. आज काम होतंय आपलं." तो म्हणाला, "ऊन पडेल." आणि थांबला.

नाट्यसंस्थेच्या बाईंनी तिचा अर्ज वाचला. कक्ष खच्चून भरला होता. दाराच्या काचेतून भाऊ स्वच्छ दिसत होता, पण त्या बाजूला कुणाची नजर जायचं कारण नव्हतं, सगळे बाईंकडे बघत होते. 'पाय सुजायचे' या वाक्याला पहिला हुंदका आला. 'पंखा नसला तरी चालेल' ला मागच्या तीन रांगा एकदम गेल्या. त्या दिवशीच्या एकूण नोंदी एकसष्ट, त्यांपैकी तक्रारीवर सही करणारे सातही जण हुंदका या प्रकारात. बहीण तेवढी कोरड्या डोळ्यांनी बसली होती. नोंदवहीत तिच्यासमोर रेघ ओढावी लागली.

प्रमाणपत्र द्यायला तिला पुढे बोलावलं आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. तिने माइककडे पाहिलं, मग अध्यक्षांकडे.

"म्हणजे उद्यापासून बसू देणार ना त्याला?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मुख्याध्यापक माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बघा, हा शेवट हवा होता. वाचकाला प्रश्न विचारून सोडायचं."

ती टाळ्या थांबायची वाट बघत उभी राहिली. "नाही, मी खरंच विचारतेय," ती म्हणाली. "साडेआठला येऊ का घेऊन?"

पुन्हा टाळ्या. मग कुणीतरी चहा आला म्हणालं आणि लोक उठले.

गर्दी पांगल्यावर मी तिला नियम समजावून सांगितला. ही माझी जबाबदारीच होती. मी म्हणालो, "हे बघा ताई, बक्षीसपात्र लेखन मंडळाच्या मालकीचं ठरतं. ते आता साहित्यात जमा झालं. त्यावर अर्ज म्हणून कारवाई करता येत नाही. तुम्ही विहित नमुन्यात नवीन अर्ज द्या."

"अहो, पण सगळं लिहिलंय त्यात. तुम्ही आत्ता ऐकलंत ना? रडलात पण तुम्ही."

"ते वाचक म्हणून," मी म्हणालो.

तिने नमुना घेतला आणि तिथेच उभ्या उभ्या भरला. आमच्या नमुन्यात कारणासाठी एकच ओळ आहे. दोन-चार वेळा पेन टेकवून तिने शेवटी 'बसण्यासाठी' असं लिहिलं. प्रमाणपत्र टेबलावरच राहिलं. बाहेर जाऊन ती भावाला काहीतरी म्हणाली. तो पायरी उतरला नाही. तिला त्याचा हात धरून ओढावं लागलं. तसा तो शांत माणूस, पण त्या दिवशी दोन वेळा मागे वळला.

अर्ज पुढच्या सभेत चर्चेला आला. सातपैकी पाच सभासद हजर होते. 'बसण्यासाठी हे कारण अपुरे असून त्यातून अर्जदाराची निकड प्रतीत होत नाही' म्हणून तो एकमताने फेटाळला गेला. अध्यक्ष मला खासगीत म्हणाले, "आधीचं किती छान लिहिलं होतं हो तिने."

प्रमाणपत्र माझ्याकडे पडून होतं. कुणाचं काही ठेवून घ्यायचा माझा स्वभाव नाही. महिन्याभराने एका दुपारी मी पत्ता काढत तिच्या घरी गेलो. तिसरा मजला, लांबलचक सामाईक गॅलरी, शेवटचं दार. दाराला बाहेरून कुलूप होतं. मी कडी वाजवली नाही, कुलूप दिसत असताना कोण वाजवेल. प्रमाणपत्र फटीतून सरकवावं म्हणून वाकलो, तर फटीत अगदी पलीकडेच दोन पावलं दिसली. अनवाणी. सुजलेली. माझ्या हातापासून वीतभर अंतरावर.

मी कागद आत ढकलला. पावलं हलली नाहीत.

"ताई?" आतून आवाज आला. "आलीस? बसू?"

मी चिटणीस आहे, ताई नाही. त्यामुळे मला 'बस' म्हणण्याचा काही अधिकार पोचत नव्हता. मी आवाज न करता जिना उतरलो. खरं सांगतो, मला वाईट वाटलं. खाली आल्यावर मी घड्याळ बघितलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती. ती पाचला सुटणार होती.

हा प्रकार मी पुढच्या सभेत जसा घडला तसा सांगितला. मुख्याध्यापकांनी चष्मा काढून पुसला. मग ते म्हणाले, "हा शेवट. चिटणीस, हा शेवट आहे. हे तिने आधी लिहिलं असतं तर पहिला क्रमांक कुठे गेला नव्हता." सगळ्यांना ते पटलं. स्पर्धेचा निकाल बदलता येत नाही, म्हणून तिला खास उल्लेखनीय असं दुसरं प्रमाणपत्र देण्याचा ठराव झाला. ते अजून छापून यायचं आहे.

वाचकहो, तुम्ही इथवर आलात. मला तुमचा राग कळतो. आमच्या मंडळाबद्दल तुमच्या मनात काय आलं असेल तेही कळतं. त्या बंद दाराशी आल्यावर तुमच्याही घशाशी काही आलं असेल, तर तुमची नोंद घ्यायला आम्ही तयार आहोत. फक्त प्रामाणिकपणे सांगा, त्या माणसाला कुलूपबंद उभा बघून तुम्हाला वाईट वाटलं, की चला, कथा नीट संपली म्हणून मनातून थोडं बरंही वाटलं? आमच्या वाचकांना आम्ही हाच प्रश्न विचारला. सगळ्यांनी वाईट वाटल्याचं लिहून दिलं आणि असंच आणखी काही वाचायला आहे का म्हणून चौकशी केली. नवा अंक आलेला आहे. तुम्हीही या. खिडकीजवळची खुर्ची हवी असेल तर मात्र जरा लवकर या, हल्ली तिला फार मागणी असते.